पैसे दोनदा घेतलेले नाहीत, सर

नमस्कार सर,

आपल्या वडिलांना त्रास झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. त्या वयात रिकाम्या पोटी ताटकळत बसणं सोपं नसतं. पण 'पहिल्या दिवशी टेस्ट न करताच परत पाठवलं, दोनदा हेलपाटा, आणि शेवटी कोलोनोस्कोपी करा म्हणे, नुसते पैसे काढायचे धंदे' हे आमच्या सीटी स्कॅन सेंटरच्या रिव्ह्यूत आपण लिहिलेलं वाक्य वाचून जेवण गेलं नाही.

पैसे एकदाच घेतलेत. पावती पहिल्या दिवसाची आहे. दुसऱ्या खेपेला काउंटरवर एक रुपयाही मागितला नाही, हे लिहायला काय हरकत होती?

आता परत का पाठवलं ते. आतडं साफ नसेल तर सीटी कोलोनोग्राफीला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सीटी स्कॅनला, अर्थच राहत नाही. मळाचा बारीक खडा आणि पॉलिप (आतड्याच्या आतल्या भिंतीवर वाढलेली गाठ) स्क्रीनवर सारखेच दिसू शकतात. म्हणून आधी चोथा नसलेलं खाणं, मग जुलाबाचं औषध, आणि उरलासुरला मळ पांढरा उठून दिसावा म्हणून आणखी एक औषध. सालीचं, बियांचं, कडधान्याचं काही चालणार नाही, हे आमच्या पत्रकात मराठीत छापलंय आणि काउंटरवरच्या ताईंनी ते आपल्याला वाचून दाखवलं होतं. तरी आपणच लिहिलंय, 'आदल्या संध्याकाळी जराशी मिसळ खाल्ली तर एवढं काय!' सर, मिसळ म्हणजे मटकी, आणि मटकीचं साल आतड्याच्या भिंतीला चिकटून राहू शकतं. पेशंटला आधी पाठीवर, मग पोटावर झोपवून दोनदा स्कॅन करतात, कारण मळ सहसा जागा सोडतो, पॉलिप सहसा सोडत नाही. चिकटलेलं साल मात्र हलत नाही. त्याच दिवशी स्कॅन उरकून मोकळं होणं आम्हाला सोपं होतं. केलं नाही.

'मग सीटी कशाला' म्हणता. बारीक नळीनं कार्बन डायऑक्साइड भरून आतडं फुगवतात, गुंगी द्यावी लागत नाही. 10 मिमी किंवा मोठे पॉलिप असलेल्या दहापैकी साधारण नऊ जणांत ते यात सापडतात. 5 मिमीपर्यंतचे निसटू शकतात. काही निघालं नसतं तर दुर्बीण, म्हणजे कोलोनोस्कोपी, टळली असती. निघालंय, तर ते काढून तुकडा तपासायला पाठवणं दुर्बिणीशिवाय होत नाही. सीटी दाखवते, काढत नाही. पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुधा वर्षं लागतात, त्यामुळे आत्ता सापडला हे चांगलंच झालं.

गडहिंग्लज, राधानगरीकडून येणारी माणसं आधी हे स्टार बघतात. मशीनचे हप्ते चालू आहेत, स्टाफची घरं यावर चालतात. 'धंदे' हा शब्द फार लागला.

आदल्या दिवशी फोन करून पथ्याची आठवण द्यायचं ठरवतोय, बसायच्या जागेचंही बघतो.

कोलोनोस्कोपीला जाताना रिपोर्टसोबत सीडीही न्या. पॉलिप आतड्याच्या कोणत्या भागात आहे ते डॉक्टरांना आधीच कळेल.