‘चार आठवडे एकच क्रियापद’ या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार. आमच्या इटालियनच्या वर्गाला रिव्ह्यूत एकच तारा दिलात, चार आठवडे ‘पार्लारे’ (बोलणे) हे एकच क्रियापद शिकवलं म्हणालात, पण कारणंही लिहिलीत, म्हणून सविस्तर उत्तर देते.

आधी घरमालकीणबाईंचं. तुरीनला पोचल्यावर तुम्ही त्यांना ‘पार्ली इंग्लेझे?’ विचारलंत आणि त्यांचा चेहरा उतरला. उतरणारच. पहिल्याच भेटीत सत्तरीच्या बाईंना तुम्ही ‘तू इंग्रजी बोलतेस का गं?’ म्हणालात. तिथे ‘लेई पार्ला इंग्लेझे?’ हवं होतं. समोरच्या माणसाला मान द्यायचा तर क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनात. आपल्याकडे सून सासूला तोंडावर ‘आई चहा घेणार का?’ विचारते, तसंच. हे आम्ही सहाव्या आठवड्यात शिकवायचो, तुमचं विमान पाचव्यात होतं. शिकायला तिकडे जाणाऱ्याला हे पहिल्या दिवशीच लागतं, हे तुमचं म्हणणं मान्य. नव्या बॅचला ते दुसऱ्याच तासाला घेतलं.

‘तिथे कुणीच इयो पार्लो (मी बोलतो) म्हणत नाही’ हेही खरं. ‘उद्या येतो’ म्हणताना आपण तरी ‘मी’ कुठे लावतो? पार्लो, पार्ली, पार्ला, पार्लियामो, पार्लाते, पार्लानो : कोण बोलतंय ते क्रियापदाचा शेवटच सांगतो. तक्त्यासाठी फळ्यावर ‘इयो’ लिहिला आणि वेळेवर पुसला नाही, ही चूक आमची.

पण चार आठवडे वाया गेले, हे मात्र पटत नाही. ‘पार्लारे’सारख्या आरे-अंती, म्हणजे शेवटी ‘आरे’ असलेल्या, क्रियापदांचा गट इटालियनमध्ये सगळ्यात मोठा. नवी येणारीही त्यातच जातात, अगदी ‘क्लिक्कारे’ (क्लिक करणे) सुद्धा. तुमच्याच रिव्ह्यूत ‘आबितो आ तोरीनो’ (तुरीनमध्ये राहतो) हे वाक्य स्वतः जुळवल्याचं लिहिलंय. ते त्याच तक्त्यातून आलं ना? शिवाय वेळ रूपांपेक्षा आघातावर गेला. ‘पार्लो’त जोर ‘पार्’वर दिला तर ‘बोलतो’, ‘लो’वर दिला तर ‘तो बोलला’. ‘पार्लानो’त जोर पुन्हा ‘पार्’वरच, आणि मराठी जीभ हटकून ‘ला’वर जाते. ते वळण एका तासात बसत नाही.

झालेल्या वर्गांची फी परत करता येणार नाही. उरलेल्या तीन आठवड्यांची करू, किंवा ते तास ऑनलाइन घ्या; तिकडच्या संध्याकाळच्या वेळा जमवून देऊ. काय हवं ते ऑफिसच्या नंबरवर कळवा.