शरावतीचे खोरे, रिओ दि जानेरोहून पाहताना

कर्नाटकात शरावती नदीवरील तलकळले आणि गेरुसोप्पा या जलाशयांदरम्यान २,००० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प (जास्तीच्या विजेने पाणी वर चढवून साठवायचे आणि गरजेच्या वेळी ते खाली सोडून वीज करायची) उभारण्याचा प्रस्ताव आहे, आणि ती जागा सिंहपुच्छी माकडांसाठी २०१९ मध्ये घोषित झालेल्या अभयारण्यात येते. बरेचसे बांधकाम भूमिगत असल्याने थोडेच जंगल जाईल असे समर्थक सांगतात, तर विरोधक तोडल्या जाणाऱ्या झाडांची संख्या पुढे करतात. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो राज्यात राहून हा वाद वाचताना मला दोन्ही मोजमापे अपुरी वाटतात. हे माकड जवळजवळ सारे आयुष्य झाडांवर काढते. त्यामुळे जंगल किती गेले याइतकेच ते नेमके कुठे तुटले हेही त्याच्यासाठी निर्णायक ठरते. तमिळनाडूतील वालपराईत चहाच्या मळ्यांमुळे जंगलाचे तुकडे झाले आणि ही माकडे जमिनीवर उतरून रस्ते ओलांडू लागली. तेथे झाडांना झाडे जोडणारे दोरपूल बांधावे लागले.

ब्राझीलने याच तुटलेपणाची मोठी किंमत मोजली आहे. केवळ याच राज्यात आढळणारी सोनेरी सिंह टॅमरिन ही लहानखुरी माकडे १९७०च्या दशकात सुमारे २०० उरली होती. १९७४ मध्ये त्यांच्यासाठी पोसो दास आंतास हे राखीव क्षेत्र झाले, आणि १९८४ पासून प्राणिसंग्रहालयांत जन्मलेली माकडे जंगलात सोडण्यात आली. २०१४ पर्यंत संख्या ३,७०० वर गेली, तेव्हा काम फत्ते झाले असे अनेकांना वाटले असेल. परंतु पीतज्वराच्या (यलो फीवर) साथीनंतर २०१९ मध्ये ती २,५०० वर आली. त्यानंतर जंगली माकडांचे लसीकरण सुरू झाले, आणि २०२३ च्या अंदाजानुसार संख्या सुमारे ४,८०० झाली. बीआर-१०१ महामार्गावर २०२० मध्ये प्राण्यांसाठी उभा राहिलेला, झाडे लावलेला पूल मला या सगळ्यात विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण महामार्गाने तोडलेले जंगल पुन्हा सांधण्याची जबाबदारी त्यातून मान्य केली गेली.

साथीच्या काळात माणसांनी भीतीपोटी माकडे मारली, हेही येथेच घडले, वास्तविक पीतज्वर पसरवतात ते डास. सिंधुदुर्गातील वाचकांना माकडताप ठाऊक आहे. तो गोचिडींमुळे पसरतो, १९५७ मध्ये तो प्रथम ओळखला गेला तो शरावतीच्याच शिमोगा जिल्ह्यात, आणि वानर व माकडे त्याला मोठ्या प्रमाणावर बळी पडतात. तुकड्यात अडकलेल्या छोट्या कळपांना अशी साथ किती महागात पडू शकते, याचा विचार प्रकल्पाच्या मूल्यमापनात व्हायला हवा.

वीज नको असे मी म्हणत नाही. साठवणुकीची गरज खरी आहे. परंतु सलग जंगल आधी तोडून पूल नंतर बांधण्याचा ब्राझीलचा क्रम आपण गिरवू नये, आणि म्हणूनच अभयारण्याच्या आत हा प्रकल्प नसावा असे माझे मत आहे. येथील एक गोष्ट मात्र जरूर घ्यावी. अटलांटिक वनपट्ट्यातील, म्हणजे ब्राझीलच्या किनाऱ्यालगतच्या जंगलपट्ट्यातील, जमीनमालकाला आपल्या जमिनीचा २० टक्के भाग नैसर्गिक झाडोऱ्याखाली ठेवावा लागतो, आणि जो स्वखुशीने कायमचे खासगी राखीव क्षेत्र जाहीर करतो त्याला त्या भागावरील ग्रामीण जमीन करातून सूट मिळते. उत्तर कन्नडमधील सुपारी बागायतदारांकडे पालापाचोळ्यासाठी दिलेली जंगले आहेत. अभयारण्याबाहेरील कळपांना जोडणारी वाट त्यांतूनच जाऊ शकते. तेव्हा ती झाडे राखण्याचा मोबदला बागायतदारांना किती आणि कसा द्यायचा, यावर बोलणी सुरू व्हावीत.