जाळी बारीक केली की झालं, असं नाही

अँटेनाचं संगणकावर मॉडेल करण्यावरच्या लेखात धातूच्या पत्र्याबद्दल म्हटलंय, 'तारांची जाळी जितकी बारीक, तितकं उत्तर अचूक.' इथे तारेची जाडी राहूनच गेली. एनईसी-२ या अँटेनाचं गणित करणाऱ्या प्रोग्राममध्ये पत्र्याऐवजी जाळी वापरताना तारेचा घेर साधारण दोन तारांमधल्या अंतराइतका धरतात. म्हणजे जाळीच्या १० सेंमीच्या घराला तारेची त्रिज्या सुमारे १६ मिमी, ५ सेंमीला ८. घर बदलून जाडी तीच ठेवली तर बारीक जाळीही चुकवते. शिवाय अंतर निम्मं केलं की गणितासाठी पाडलेले तारांचे तुकडे चौपट, मेमरी सोळापट, आणि गणिताचा वेळ साधारण चौसष्टपट! धुळ्याच्या मे महिन्यात आमचा जुना लॅपटॉप एवढा वेळ टिकत नाही. १४५ मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी दोन मीटरच्या आसपास, तिथे १० सेंमीची जाळी भरपूर झाली.

माझी फजिती मात्र वेगळ्याच जागी झाली. पिकअपचा टप दीड मीटर बाय १.२ मीटर, अँटेना बरोबर मधोमध. एनईसी-२ वर चालणाऱ्या फोरनेक२ या सॉफ्टवेअरमध्ये एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना आणि केबल किती जुळतात ते सांगणारा आकडा, काहीच्या काही येत होता. दोन रात्री गेल्या, आई दारातून विचारून गेली, "काय करी ऱ्हायना रे इतल्या रातले?" शेवटी पडद्यावर जाळीचं चित्र मोठं करून पाहिलं. १० सेंमीच्या हिशोबात ७५ सेंमी म्हणजे तुकड्याचा नेमका मधला भाग, आणि एनईसी जोड धरतं फक्त तुकड्यांच्या टोकांना. अँटेना टपावर दिसत होती, पण जोडलेलीच नव्हती. पाच सेंमी सरकवली, आकडे ताळ्यावर आले. हे लेखात यायला हवं होतं भाऊ, फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेणारा प्रत्येक जण आधी इथेच अडकतो.