बॅटरीच्या लाल दिव्याबद्दल खुलासा

‘बाईकचा बॅटरीचा दिवा लागला की बॅटरी संपली, लगेच बदला’ हा नागपुरातल्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज मूळचा माझाच. तो अर्धवट आहे. मी नवी बॅटरी टाकली, तरी सीताबर्डीपर्यंत जाताजाता दिवा पुन्हा लागला!

हा दिवा बहुधा चार्जिंगची तक्रार सांगतो. बॅटरीला मल्टीमीटर (व्होल्टेज मोजणारे यंत्र) लावा. गाडी बंद असताना चांगली, चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ दाखवते, इंजिन चालू करून रेस दिली की आकडा १३.५ ते १४.५ व्हायला हवा. माझा १२.२ वरच अडला होता. रेग्युलेटरचा (चार्जिंगचे व्होल्टेज आटोक्यात ठेवणाऱ्या भागाचा) कनेक्टर जळालेला निघाला. (आपल्या मे महिन्यात त्यालाही तापच.) आधी टर्मिनल, फ्यूज, कनेक्टर पाहा, मग स्टेटर (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल), रेग्युलेटर तपासून घ्या. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.