'ग्रॅनोला म्हणजे गोड चिवडा' म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा नमस्कार, एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत बरं वाटलं, नुसतं "छान लेख ताई" आलं की त्याखाली बोलायला काय उरतच नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. नाश्त्याला चवीचा आणि प्रोटीनवाला ग्रॅनोला (ओट्स, दाणे, बिया गोड पाकात घोळवून कुरकुरीत भाजलेला खाऊ) कसा निवडावा हा माझा लेख, त्यावर दादांचं म्हणणं असं की आपल्या कोल्हापुरात गंगावेशीत म्हशीचं ताजं दूध मिळणारा दूध कट्टा असताना, घरात शेंगदाणे-फुटाणे असताना पाचशे रुपये देऊन गोड चिवडा खायचा म्हणजे पैसा जास्त झाल्याचं लक्षण, 'हाय प्रोटीन' ही शुद्ध लूट, हे अमेरिकेचं कालपरवाचं खूळ, मी मिसळीला नावं ठेवली, मी साखरेला शिव्या घातल्या आणि काकवीला मात्र पाठीशी घातलं, आणि चवीला प्रोटीनच्या आधी बसवलं म्हणजे तर कमालच. आणि एवढं सगळं सुनावून झाल्यावर शेवटच्या ओळीत हळूच, पोरानं आजीसाठी असलंच एक पाकीट आणलंय, आईचं वय सत्तर, शुगर आहे, कवळी आहे, द्यावं का? खरं सांगू का, त्या शेवटच्या ओळीसाठीच हे उत्तर एवढं लांबलंय.

आधी पैशाचं बोलू. त्यात तुम्ही कमीच बोललात. ४०० ग्रॅमचं पाकीट ५०० रुपयांना धरा आणि १०० ग्रॅममध्ये १८ ग्रॅम प्रोटीन धरा, म्हणजे अख्ख्या पाकिटात ७२ ग्रॅम, एक ग्रॅम प्रोटीन सात रुपयाला पडलं. शेंगदाणे १६० रुपये किलो धरले तर किलोत २५० ग्रॅम प्रोटीन, एक ग्रॅम पासष्ट पैशाला. दहापटीचा फरक आहे हो, आणि तो मला मान्यच आहे, लक्ष्मीपुरीच्या बाजारात पिशवी घेऊन मीपण जाते. पण तो लेख मी लिहिला कुणासाठी, तर शिरोली एमआयडीसीत सातच्या शिफ्टला पळणारी माणसं, रूमवर राहणारी पोरंपोरी, जी आत्ता सकाळी चहा आणि दोन खारी खाऊन निघतात आणि अकराला वडापाव शोधतात. त्यांना "फुटाणे खा" म्हणणं सोपं आहे, पण सकाळी सहाला कोरडे फुटाणे चावत बसलेला माणूस मला दाखवा. म्हणून चव आधी. जे खाल्लंच जात नाही त्यातलं प्रोटीन कागदावर कितीही असू दे, डबा उघडाच राहिला तर ते मुंग्यांच्या कामाचं. आणि मिसळीला मी कुठेही नावं ठेवलेली नाहीत, तेवढी हिंमत माझ्यात नाही. फक्त मिसळीत प्रोटीनचं खरं काम मटकी करते आणि आपल्याकडं ती कटाच्या खाली चमचाभर सापडते, वर फरसाण आणि बाजूला ब्रेडच्या स्लाइस, एवढं बघून घ्या.

आता लूट. इथं मात्र माझं म्हणणं तुमच्यापेक्षा थोडं वेगळं आहे, लूट म्हणण्यापेक्षा नियमच ढिला आहे. एफएसएसएआय, म्हणजे खाण्याच्या पदार्थांचे नियम करणारी सरकारी संस्था, तिच्या २०१८ च्या नियमात असं आहे की दिवसाला जेवढं प्रोटीन लागतं त्याच्या २० टक्के जर १०० ग्रॅम पदार्थात असेल तर पाकिटावर 'हाय प्रोटीन' लिहिता येतं. बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या आकड्याप्रमाणे दिवसाला ५४ ग्रॅम लागतं, त्याचे २० टक्के म्हणजे जेमतेम ११ ग्रॅम. आणि नुसत्या ओट्समध्येच १३ च्या आसपास असतं! म्हणजे ओट्सला साखरेचा पाक लावून भाजलं आणि त्यात दुसरं काही विशेष घातलं नाही तरी ते कायद्यानं हाय प्रोटीन होऊ शकतं, गव्हाचं पीठसुद्धा त्या रेषेच्या जवळपास येतं, तिथं पाकिटावर डंबेल उचलणाऱ्या माणसाचा फोटो छापला की झालं. म्हणून मी लेखात म्हटलं होतं की पुढची बाजू बघूच नका, पाकीट उलटं करा, १०० ग्रॅमच्या रकान्यात प्रोटीन १५ च्या खाली असेल तर परत ठेवा, १८-२० असेल तर कुणीतरी खरंच काहीतरी घातलंय. आणि त्याच रकान्यात खाली ॲडेड शुगर, म्हणजे वरनं घातलेली साखर, वेगळी लिहिलेली असते, ती दहा-बाराच्या वर गेली की माझ्या दृष्टीनं ते बिस्कीट आहे. टोटल शुगर बघून घाबरू नका, त्यात मनुक्याची खजुराची स्वतःची साखर पण मोजलेली असते.

अजून एक गंमत, जी लेखात लिहायची जागा नव्हती. घटकांची यादी वजनाप्रमाणे उतरत्या क्रमानं लिहावी लागते, जे जास्त ते आधी. मग साखर दुसऱ्या नंबरवर दिसली तर गिऱ्हाईक पळतंय, म्हणून काय करतात, थोडी साखर, थोडा मध, थोडं ग्लुकोज सिरप, थोडा गूळ, थोडं खजुराचं सिरप, अशी पाच नावं, प्रत्येक जण खाली खाली सरकतो आणि सगळ्यात वर दिमाखात ओट्स आणि बदाम. बेकायदेशीर काही नाही यात. पण तुम्ही त्या पाचांची बेरीज ॲडेड शुगरच्या आकड्यात बरोबर पकडू शकता, तो आकडा एकच असतो, तो फोडता येत नाही.

प्रोटीन कशातून आलंय हे पण बघा म्हणते त्याचं कारण चव. भोपळ्याच्या बिया १०० ग्रॅमला ३० ग्रॅम, शेंगदाणे २५, बदाम २१, यांच्यातून आलं असेल तर खायला मजा येते. सोया क्रिस्पी म्हणून पांढरट गोळ्या असतात त्यातून आलं असेल तर आकडा भारी दिसतो पण मागं कच्च्या सोयाबीनचा वास राहतो, आणि व्हे पावडर (दुधाच्या निवळीपासून केलेली प्रोटीन पावडर) घालून भाजलेलं असेल तर कधीकधी दाताखाली खडूसारखं लागतं. कुणाला चालतं, मला नाही चालत.

काकवीवरनं तुम्ही दुटप्पी म्हणालात. दादा, मी काकवी चवीसाठी घाला म्हटलंय, आरोग्यासाठी घाला असं एका शब्दानं म्हटलेलं नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय टॅग (त्या गावच्या मालाची कायदेशीर ओळख) मिळाला, अभिमान मलाही आहे, पण शुगरवाल्या माणसाच्या रक्ताला तो टॅग वाचता येत नाही. काकवी साखरच, गूळ साखरच, मध पण साखरच, हिशोबात सगळे एकाच खात्यात. फरक इतकाच की काकवीला तो जो गुऱ्हाळावरचा किंचित करपट खारट वास असतो ना, त्यामुळं कमी घातली तरी चव लागते.

कालपरवाच्या खुळाबद्दल एकच. अमेरिकेत डॉ. जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी आपल्या आरोग्यधामात ग्रॅन्युला नावानं हे पहिल्यांदा बनवलं ते १८६३ साली, आपल्या शाहू महाराजांचा जन्म १८७४ चा. ते इतकं कडक असायचं की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय दात लागायचे नाहीत. पाक, तेल आणि चॉकलेट हे सगळं नंतरचं.

चव बघायची कशी हे कुणी विचारलं नाही तरी सांगते, कारण दुकानात पाकीट फोडून तर बघता येत नाही. पाकीट आडवं धरून हलकं हलवा, खाली भुगा किती साठलाय ते दिसतं, भुगा जास्त म्हणजे इन्स्टंट ओट्स वापरलेत किंवा माल खूप फिरून आलाय. पॅकिंगची तारीख बघा, दाण्याबियांचं तेल हवेनं खवट होतं आणि एकदा खवट झालं की काकवी काय नि केशर काय. घरी आणल्यावर एक गठ्ठी बोटानं मोडून बघा, कट् करून तुटली तर भाजणी बरोबर, लवली किंवा बोटाला चिकटली तर सिरप जास्त. आणि मीठ! चिमूटभर मीठ नसलेला ग्रॅनोला मला तरी चार दिवसांत नकोसा होतो. पहिल्यांदा लहानच पाकीट घ्या, किलोच्या ऑफरला भुलू नका.

आणि तुमचा तो गोड चिवडा हा टोमणा मी कौतुक म्हणून घेतला, कारण घरी मी तो तसाच करते. जाड रोल्ड ओट्स २०० ग्रॅम, अर्धे केलेले शेंगदाणे १००, आपण चिवड्यात घालतो ते डाळं १००, भोपळ्याच्या बिया ५०, काकवी ६०, तेल ३०, मीठ. ओव्हन असेल तर १५० डिग्रीला वीस-पंचवीस मिनिटं, नसेल तर जाड बुडाच्या कढईत एकदम मंद आचेवर, पण मग आधी सगळं कोरडं भाजून काकवी-तेल शेवटी घाला कारण काकवी बघता बघता जळते आणि मग सगळं कडू. डाळं आधीच भाजलेलं असतं, तेही शेवटी. मनुके घालायचे असतील तर आच बंद केल्यावरच, नाहीतर त्यांचे खडे होतात. ताटात पसरून पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही, कुरकुरीतपणा तेव्हाच येतो. हिशोब केला तर ५४० ग्रॅममध्ये ८६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, म्हणजे १०० ला १६, आणि काकवीतली साखर पंचेचाळीसेक ग्रॅम धरली तरी १०० ला आठ. बाजारातल्या पाकिटाशी ताठ मानेनं उभं राहतंय की नाही? डाळ्याचा अजून एक फायदा म्हणजे ओट्सच्या प्रोटीनमध्ये लायसिन (प्रोटीनचा शरीराला लागणारा एक घटक) कमी असतं आणि ते डाळींमध्ये भरपूर, दोघं मिळून एकमेकांची उणीव भरतात. दुधातही असतं, म्हणून तुमच्या दूध कट्ट्याशी माझं भांडण नाहीच, ४० ग्रॅम ग्रॅनोल्यातनं सहा-सात ग्रॅम आणि वर म्हशीचं २०० मिली दूध घातलं तर अजून सात-आठ, निम्मं काम दूधच करतंय. दुधाऐवजी घट्ट चक्का घेतला तर अजून चांगलं.

आता आई. शुगर आहे म्हटल्यावर आधी एक विचारते, किडनीचे रिपोर्ट कसे आहेत? शुगर खूप वर्षांची असेल तर किडनीवर परिणाम झालेला असू शकतो, आणि तसं असेल तर प्रोटीन वाढवायचं की कमी करायचं हे त्यांच्या डॉक्टरांनीच सांगायचं, ना मी ना पाकिटानं. रिपोर्ट ठीक असतील तर पाकीट उलटं करा. ॲडेड शुगर पाचच्या आत असेल तर दोन-तीन चमचे, अख्खे बदाम आणि मोठ्या बिया निवडून बाजूला काढून, रात्रभर दुधात किंवा ताकात भिजवून द्या, कवळीखाली बी अडकली की दिवसभर हिरडी दुखते म्हणून निवडायला कंटाळू नका, आणि सुरुवातीला खाल्ल्यावर दोन तासांनी शुगर तपासून बघा. नाहीतर सरळ मुगाचं मऊ धिरडं आणि वाटीभर दही, त्यांना ते जास्त आवडेल असा माझा अंदाज. आणि ॲडेड शुगर वीसच्या पुढं निघाली तर पोराला म्हणावं आणलंस ते चांगलं केलंस, पण आता बस तूच खात.