शंभर संशयित, दोन रुग्ण: मग चुकले कोणाचे?

"आशाताई घरोघर फिरून शंभर जणांना कुष्ठरोगाचे संशयित ठरवतात, डॉक्टर त्यांतले दोनच खरे धरतात, म्हणजे ९८ टक्के निदान चुकते, मोहिमेनंतर रुग्णही वाढतात, त्यापेक्षा सरळ रक्त तपासा," असा मजकूर सातारा-सांगलीकडे मोबाइलवर फिरतो आहे. आकडा शक्य कोटीतला आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

मुळात आशाताई निदान करीतच नाहीत. न खाजणारा फिकट किंवा लालसर चट्टा, जाड झालेली कानाची पाळी, बधिर तळवा असे काही दिसले की त्या माणसाला आरोग्य केंद्रात पाठवणे एवढेच त्यांचे काम. समजा, १०,००० वस्तीच्या गावात खरे रुग्ण दोनच आहेत आणि आशाताईंची नजर शंभर निरोग्यांमागे एकदाच फसते. तरीही त्या दोघांबरोबर सुमारे शंभर निरोगी माणसे यादीत येणार, आणि त्यांच्या अंगावर शिबे, नायटा किंवा जन्मखूणच निघणार. रोग विरळ झाला की यादी अशीच दिसते.

मोहिमेनंतर वाढतात ते सापडलेले रुग्ण. ज्या रोगाची लक्षणे दिसायलाच बहुधा काही वर्षे जातात, तो पंधरवड्यात पसरत नाही.

रक्ताचा मुद्दा वरवर पटतो. परंतु नॉर्वेच्या डॉक्टर हॅन्सनने १८७३ मध्ये पाहिलेला कुष्ठरोगाचा हा जंतू प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमावर अजून वाढवता आलेला नाही, आणि रक्तातील प्रतिपिंडे (जंतूंविरुद्ध शरीर तयार करते ती प्रथिने) मोजके चट्टे आणि कमी जंतू असलेल्या, म्हणजे पीबी प्रकारच्या रुग्णांत बहुधा सापडत नाहीत, उलट निरोगी घरच्यांत कधी कधी सापडतात. म्हणून आजही चट्ट्याची बधिरता, जाड झालेली नस किंवा त्वचेच्या नमुन्यातील जंतू यांवरच निदान ठरते.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याविषयी मजकुरात अक्षरही नाही. लहान मुलाच्या गालावरच्या एकुलत्या फिकट चट्ट्याला कापूस लावून "कळते का?" असे विचारले, तर घाबरलेले मूल काहीही सांगते, अशा चट्ट्याबाबत दोन जाणत्या डॉक्टरांचेही मत जुळेलच असे नाही, आणि असे काही चट्टे आपोआप जातात. घाईने निदान केले, तर सहा महिन्यांच्या गोळ्यांपेक्षा गावातली कुजबुज त्या घराला जड जाते. याउलट जंतूंचा भार मोठा असलेल्या, म्हणजे एमबी प्रकारच्या रुग्णाच्या चट्ट्यांत संवेदना अनेकदा शाबूत असते, त्यामुळे केवळ कापसावर विसंबणारा तपासनीस नेमका संसर्ग पसरवू शकणारा माणूस सोडून देतो.

ऊसतोड मजुरांची तर ९८ टक्क्यांच्या हिशेबात गणतीच नाही, कारण ऊन असते तेव्हा माणूस कोपीवर, म्हणजे आपल्या झोपडीवर, नसतो आणि तो परततो तेव्हा फिकट चट्टा दिसण्याइतका उजेड उरलेला नसतो.