पाच भाग, तीन लेखक आणि एक नोंदवही

मालिकेचं कथानक भरकटलं की मराठी घरात एकच निदान होतं: लेखक बदलला वाटतं! मराठीत गोष्टीचे गेम, म्हणजे खेळणाऱ्याच्या निवडीप्रमाणे कथेला शाखा फुटणारे गेम, करू पाहणाऱ्या मंडळींमध्येही हा धसका दिसतो. काही म्हणतात, पाच भागांचा गेम एकानेच लिहावा, नाहीतर खिचडी होते. काहींना मालिकेची पद्धत जशीच्या तशी हवी असते: कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. इकडे कॅलिफोर्नियात बसून पाहताना मला दोन्ही मतं पटत नाहीत.

टेलटेल ही गेम करणारी कंपनी इथल्याच सॅन राफाएलची होती; ती २०१८ मध्ये बंद पडली. त्यांच्या ‘द वॉकिंग डेड’ या गेमचा पहिला सीझन २०१२ साली पाच भागांत आला. त्यातले पहिला, तिसरा आणि पाचवा भाग शॉन व्हॅनमन यांनी लिहिले, दुसरा मार्क डॅरिन यांनी, चौथा गॅरी व्हिटा यांनी. ही मांडणी नीट पाहण्यासारखी आहे. दुसऱ्या कुणी मोकळं सोडलेलं टोक लगेच पुढच्याच भागात मुख्य लेखकाच्या टेबलावर येतं. शिवाय ज्याने गोष्ट सुरू केली, तोच ती संपवतो.

पहिल्या भागाच्या शेवटी कार्ली आणि डग या दोन पात्रांपैकी एकालाच वाचवता येतं. म्हणजे दुसऱ्या भागाच्या लेखकाला एकाच जागी दोन वेगळी माणसं लिहावी लागली. तिसऱ्या भागात जो वाचला असेल तो लिली या सोबतच्याच पात्राच्या गोळीने मरतो आणि ती शाखा तिथे मिटते. ‘मग निवडीला अर्थ काय?’ असा आक्षेप घेता येतो, पण हिशोब करून बघा. दोन पर्यायांच्या तीन निवडी पुढे नेल्या की आठ कथानकं होतात, पाच नेल्या की बत्तीस. शाखा मिटवल्याशिवाय पुढच्या लेखकाला हात हलवायला जागा राहत नाही. चौथ्या भागात लटकलेल्या बेन या पात्राला वर ओढायचं की सोडून द्यायचं हे खेळणारा ठरवतो, आणि त्यावर पाचव्यात केनी हे पात्र दोन वेगळ्या तऱ्हांनी त्या सीझनच्या गोष्टीतून बाहेर पडतं. शाखा उघडली व्हिटांनी, मिटवली व्हॅनमन यांनी. सांधा कुठे दिसत नाही.

मालिकेची आडवी वाटणी इथे चालत नाही, कारण मालिकेतला सीन सरळ रेषेत जातो. गेममध्ये ‘बेन कुठे गेला?’ हे वाक्य बेन आधीच मेला असेल तर विचारताच येत नाही, आणि हे लक्षात येतं ते संवाद लिहिताना. शाखा एकाने आखायच्या आणि संवाद दुसऱ्याने लिहायचे, तर ही चूक पकडणार कोण? म्हणून वाटणी उभी हवी. एक भाग, त्याच्या सगळ्या शाखा आणि संवाद, एकाच लेखकाकडे.

मात्र सगळ्या भागांवर एक नोंदवही हवी आणि तिच्यात लिहिण्याचा हक्क एकालाच. प्रत्येक नोंदीत सहा गोष्टी: निवडीचं नाव, ती कुठल्या भागात ठरते, तिची शक्य उत्तरं, मागच्या भागाचा जतन केलेला खेळ (सेव्ह) नसलेल्या खेळाडूसाठी काय धरायचं, कुठल्या भागाने तिची दखल घ्यायचीच, आणि ती कुठे मिटते. एका भागातून पुढे जाणाऱ्या सक्तीच्या नोंदी आठच्या वर जाऊ देऊ नयेत. इंक ही असे गेम लिहिण्याची भाषा वापरत असाल तर सगळी व्हेरिएबल, म्हणजे निवडी लक्षात ठेवणारी नावं, एकाच फाइलमध्ये ठेवा. न जाहीर केलेलं नाव कुणी वापरलं तर कंपायलर (लिहिलेलं तपासून गेममध्ये बदलणारा प्रोग्रॅम) ओरडतो. पण एकाने ‘बेन जिवंत’ आणि दुसऱ्याने ‘बेन मेला’ अशी दोन व्हेरिएबल केली तर तो गप्प बसतो, आणि एखाद्या सीनमध्ये दोन्ही एकाच वेळी खरी ठरतात. याहून चिवट बग मला माहीत नाही.

मराठीत अजून एक अडचण आहे, जी इकडच्या इंग्रजी लेखकांना सहसा सोसावी लागत नाही. खेळणाऱ्याचं पात्र बाई की पुरुष हे मोकळं ठेवलं, तर ‘मी गेलो’, ‘मी गेले’, ‘तू आलास’, ‘तू आलीस’ अशी कितीतरी वाक्यं दोनदा लिहावी लागतात. पहिल्या गेमसाठी पात्र ठरवूनच टाकावं. आणि कोण कुणाला ‘अरे’ म्हणतं, कुणाला ‘अहो’, हे प्रत्येक जोडीसाठी वहीत हवं. दुसऱ्या भागात भांडून ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलेली सून तिसऱ्यात सासऱ्यांना पुन्हा ‘अहो’ म्हणाली, तर भांडणच पुसलं जातं. असा बदल भागाच्या शेवटीच करावा, अधेमधे नको.

वही सांभाळणाऱ्याने शेवटी एकेका पात्राची सगळ्या भागांतली वाक्यं वेगळी काढून सलग वाचावीत. तपशील, संबोधनं, पात्राचे ठेवणीतले शब्द एवढंच दुरुस्त करावं. सीनला हात लावला की सगळ्यांचं लेखन त्याच्याच आवाजात बोलायला लागतं, मग वेगळे लेखक घेतले कशाला?

इकडचं सगळंच घेण्यासारखं नाही. २०२३ मध्ये १४८ दिवस संप करून अमेरिकेतल्या टीव्ही लेखकांनी एका मालिकेवर किमान किती लेखक घ्यायचे याची अट करारात पदरात पाडून घेतली; गेमचे बहुतेक लेखक त्या कराराबाहेरच राहिले. गेम बाजारात येण्याआधी काम सोडलेल्याचं नाव श्रेयनामावलीतून गळतं, हेही सर्रास होतं. मराठी मालिका कथा, पटकथा, संवाद यांची नावं वेगवेगळी देतात. ती सवय सोडू नका, फक्त श्रेय भागवार द्या. लेखकांशी करार करताना दुरुस्तीच्या दुसऱ्या फेरीचे पैसे वेगळे लिहा, कारण दुसऱ्या भागातली फट तिसरा लिहून झाल्यावरच दिसते.

पुण्यात-मुंबईत कुणी आता सुरुवात करत असेल तर पाच भागांच्या मागे लागू नये. चाळीस-चाळीस मिनिटांचे तीन भाग घ्या. पहिला आणि तिसरा एकाने लिहावा, मधला दुसऱ्याने, आणि वही तिसऱ्याकडे द्या, ज्याने एकही भाग लिहिलेला नाही.